आखूड रायफल घेण्याआधी मालकांना काय विचाराल?

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत शिकारीला जाणारे अजून थोडेच. पण एखाद्या थंडीत शेजाऱ्याबरोबर किंवा कामावरच्या सोबत्याबरोबर हरणामागे रान तुडवून आलेले, आणि आता स्वतःची रायफल घ्यावी म्हणणारे लोक हल्ली भेटू लागले आहेत. त्यांची पसंती बहुधा ठरलेली असते: आखूड, हलकी, बोल्ट-ॲक्शन. गाडीत सहज मावणारी, झुडपात न अडकणारी, बायकोला किंवा वाढत्या मुलालाही चालेल अशी. आणि त्यापुढचं वाक्यही ठरलेलं: "ज्यांनी ज्यांनी घेतलीय ते सगळे खूश आहेत."

मला त्या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. मालक खूश असतात हे खरं. पण ते कशावर खूश आहेत आणि किती गोळ्या झाडून खूश आहेत, हे विचारल्याशिवाय पाकिटाला हात घालू नका. आखूड रायफलीचं कौतुक बहुतेक वेळा ती दिवसभर खांद्याला अडकवून चालण्याचं असतं. तीच खांद्याला टेकवून झाडायची वेळ आली की काय होतं, यावर बरेच मालक बोलत नाहीत. त्यांना तिथे बोलतं करायचं आहे.

आधी धक्क्याचं बघू, कारण सगळी गोम तिथे आहे. हलकी रायफल म्हणजे हलका धक्का, असं मनात नकळत बसलेलं असतं. प्रत्यक्षात उलटं आहे. काडतूस तेच ठेवलं आणि रायफल नऊ पौंडांवरून सात पौंडांवर आणली, तर मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा चौथाईहून जास्त वाढते. स्कोपसकट सात पौंड भरणाऱ्या रायफलीतून .३०८ विंचेस्टर झाडली तर साध्या हिशेबाने सतराएक फूट-पौंडांचा धक्का बसतो. त्याच वजनाच्या रायफलीत .२४३ विंचेस्टर असेल तर तो दहाच्या आसपास येतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटेल, पण पाच-सहा गोळ्यांनंतर खांद्याला कळतो आणि मग मनालाही. चाप ओढायच्या आधीच खांदा आखडायला लागतो, डोळे मिटायला लागतात. एकदा ही सवय जडली की ती घालवायला महिने जातात.

म्हणून मालकाला "धक्का कसा आहे?" असं विचारू नका. "काही नाही हो, सवय होते," हेच उत्तर मिळेल. पुरुष मालक तर दुसरं काही सांगणारच नाहीत. त्याऐवजी विचारा, रेंजवर एका बैठकीत किती गोळ्या झाडता? शेवटची बैठक कधी झाली? ज्याने वर्षभरात चार गोळ्या झाडल्या आहेत त्याचं मत चालण्यापुरतं घ्या, झाडण्याबद्दलचं सोडून द्या. जुन्या रायफलींच्या विक्रीत एक मजकूर नेहमी दिसतो: "नव्यासारखी आहे, वीसच्या खोक्यातली सहाच काडतुसं वापरली, उरलेली सोबत देतो." विकणारा हे रायफलीची तारीफ म्हणून लिहितो. मला मात्र त्यात सातवी गोळी झाडायची इच्छा न झालेला माणूस दिसतो. अशा माणसाला गाठून "का विकताय?" एवढंच विचारा. वापरणाऱ्यापेक्षा विकणारा जास्त उपयोगी माहिती देतो, हा माझा अनुभव आहे.

स्वतःचा खांदा आखडतो का, हे तपासायला सोपी युक्ती आहे. रेंजवर सोबत्याला रायफल भरून द्यायला सांगा. कधी खरं काडतूस, कधी सरावाचं नकली; कोणतं भरलंय ते तुम्हाला कळू द्यायचं नाही. नकली काडतुसावर चाप ओढल्यावर नळीचं तोंड खाली झुकलं तर नेम रायफल चुकवत नाही, तुम्ही चुकवताय. मित्राची रायफल झाडून बघायची संधी मिळाली तर एक-दोन गोळ्यांवर समाधान मानू नका. निदान दहा झाडा, काडतुसांचे पैसे तुम्ही द्या, आणि त्यातच ही युक्ती करून बघा.

मालकांचा दुसरा आवडता विषय अचूकपणा. "शंभर यार्डांवर तीन गोळ्या इंचाच्या आत, दिवसभर." फोटोही असतो, तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकलेली. फोटो खोटा नसतो. पण त्या दिवशी काढलेल्या बाकीच्या गटांचे फोटो कुठे आहेत? तीन गोळ्यांचा गट नेहमीच देखणा येतो, कारण गोळ्या कमी म्हणजे पसरायची संधी कमी. ज्या रायफलीचे तीन-तीन गोळ्यांचे गट सरासरी एक इंचाचे येतात, तिचेच पाच-पाचचे गट सव्वा इंचाच्या पुढे जातात आणि दहा-दहाचे दीड इंच ओलांडतात. रायफल तीच, हातही तेच. तेव्हा इंचाचा आकडा ऐकला की गोळ्या किती, गट किती, आणि सगळ्यात वाईट गट केवढा होता, हे विचारा. वाईट गटाचा आकडा सांगणाऱ्या मालकावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

शिवाय हलक्या रायफलीची नळी बारीक असते. ती लवकर तापते, आणि तापली की काही रायफलींच्या गोळ्या सरकायला लागतात. बाकावर बसून झाडणारा यावर तक्रार करतो, आणि त्याच्या जागी ती बरोबरही आहे. पण रानात तुमची पहिली गोळी गार नळीतून सुटते आणि बहुधा तीच एक सुटते. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या हृदय-फुप्फुसाची जागा साधारण आठ इंच रुंद असते. शंभर यार्डांवर दोन इंचांत मारणारी रायफल दीडशे यार्डांच्या शिकारीला पुरून उरते. म्हणून मालकाला विचारायचा प्रश्न असा: गार नळीची पहिली गोळी वेगवेगळ्या दिवशी एकाच जागी लागते का? सप्टेंबरात लावलेला नेम नोव्हेंबरच्या थंडीत तसाच राहिला का? फार थोड्यांनी हे तपासलेलं असतं. तुम्ही तपासा. दर आठवड्याला एकदा रेंजवर जायचं, एकच गोळी झाडायची, तारीख घालून तोच कागद जपून ठेवायचा. हंगाम येईपर्यंत त्या कागदावर तुमची खरी रायफल दिसू लागेल.

आता मापाचं. दुकानात या रायफली "मुलांची" किंवा "बायकांची" म्हणून दाखवतात, आणि आपले पुरुष मग त्यांच्याकडे बघायलाही लाजतात. लाजू नका. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी नेहमीच्या अमेरिकन रायफलीत पावणेचौदा इंचांच्या आसपास असते. हे माप उंच, लांब हातांच्या माणसाला धरून आलं आहे. साडेपाच फुटांच्या माणसाने वर जाड थंडीचा कोट चढवला की ते अंगावर येतं: रायफल काखेत अडते, मान पुढे ताणावी लागते. आखूड रायफलीत हीच लांबी साडेबारा इंच असते. मिनेसोटातल्या किंवा उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या थंडीत कोटासकट ती आपल्यापैकी कित्येकांना बरोबर बसते. "कोंदटल्यासारखं होतं" अशी तक्रार करणारा मालक सहा फूट उंच असेल तर त्याचं मत त्याच्यापुरतं खरं आहे. मत ऐकण्याआधी मत देणाऱ्याची उंची विचारा. जरा विचित्र वाटेल, पण विचारा.

दुकानात जाताना शिकारीचा कोट बरोबर न्या, भर उन्हाळ्यातसुद्धा. दुकानदार हसेल, हसू दे. कोट घालून, रायफल रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, सुरक्षित दिशेला धरून डोळे मिटा आणि ती खांद्याला लावा. मग डोळे उघडा. मान न हलवता स्कोपमध्ये पूर्ण वर्तुळ दिसलं तर माप जमलं. काळी कड दिसली, गाल पुढे-मागे सरकवावा लागला, तर स्कोप हलवावा लागेल किंवा रायफल बदलावी लागेल. यात एक धोकाही आहे. दस्ता आखूड असला की डोळा स्कोपच्या फार जवळ जातो, वर रायफल हलकी म्हणून मागे जोरात येते. स्कोपची कड भुवईवर बसते आणि टाके पडतात. म्हणून डोळ्यापासून साडेतीन इंच किंवा जास्त अंतरावरून पूर्ण चित्र दाखवणारा स्कोपच घ्या. रायफलीसोबत फुकट मिळणाऱ्या स्कोपची ही बाजू बहुतेक मालक सांगायला विसरतात.

बाजारात नेहमी भेटणाऱ्या दोन-तीन रायफलींबद्दल मालक काय बोलतात, आणि त्यातलं काय मनावर घ्यावं?

रुगर अमेरिकन ही २०१२ च्या सुमारास बाजारात आली आणि स्वस्त रायफलीबद्दलच्या लोकांच्या अपेक्षाच तिने बदलून टाकल्या. तिच्या कॉम्पॅक्ट आवृत्तीची नळी १८ इंच, दस्ता साडेबारा इंच, वजन सहा पौंडांच्या घरात. नळी उत्तम, चाप स्वतःला हवा तसा ३ ते ५ पौंडांत बसवता येतो, बोल्टचा दांडा सत्तर अंशांतच उचलला जातो म्हणून स्कोपला हात आपटत नाही. हे सगळं मालक सांगतात आणि ते बरोबर आहे. तक्रारीही ठरलेल्या आहेत. दस्ता प्लॅस्टिकचा, पुढच्या बाजूला लवचिक; पट्टा ताणून धरला किंवा पुढे दोन पायांचा टेकू लावला की तो नळीला टेकतो आणि गोळी हलते. यावर इलाज सोपा आहे, पिशवीवर किंवा हातावर टेकवून झाडा. मॅगझिनचं प्लॅस्टिक काहींना खटकतं. ते खटकन बसल्याची खात्री करायची सवय लावली की निभतं. पण एक तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. पहिल्या पिढीच्या रुगर अमेरिकनची सेफ्टी लावली तरी बोल्ट मोकळाच राहतो. याचा फायदा असा की सेफ्टी लावून रायफल रिकामी करता येते. तोटा असा की झुडपातून जाताना दांडा अडकून बोल्ट उघडतो आणि काडतूस पडून जातं, ऐन वेळी चेंबर रिकामं. कंपनीने दुसऱ्या पिढीत तीन टप्प्यांची सेफ्टी दिली, तिच्यात बोल्टही बंद राहतो. म्हणजे मालकांची कुरकुर खोटी नव्हती. जुनी पिढी स्वस्तात मिळाली तर घ्या, पण चालताना चेंबर रिकामं ठेवायचं आणि बोल्टवर हात ठेवायचा हे ठरवूनच घ्या.

रेमिंग्टन मॉडेल सेव्हन हिला मानणारे लोक वेगळ्याच जातीचे. ही १९८३ साली आली, साडेअठरा इंचांची बारीक नळी घेऊन, आणि झाडीतल्या शिकारीसाठी आखूड रायफल म्हणून तिने नाव कमावलं. जुन्या मॉडेल सेव्हनचा मालक ती विकत नाही, मुलाला देतो. तिच्या देखणेपणाबद्दल माझंही काही म्हणणं नाही. पण जुनी घेताना एक गोष्ट भावनेच्या भरात विसरू नका. एप्रिल २०१४ मध्ये कंपनीने एक्स-मार्क प्रो नावाचा चाप असलेल्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या होत्या. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या. काही परिस्थितीत चाप न ओढताही गोळी सुटण्याचा धोका होता. मूळ कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत निघून तिचे तुकडे विकले गेले, आणि न्यू यॉर्क राज्यातल्या इलियनचा जुना कारखाना २०२४ मध्ये बंद झाला. तेव्हा "माझ्या रायफलीला कधी काही झालं नाही" हे मालकाचं म्हणणं इथे पुरेसं नाही. चाप दुरुस्त झाला का, याचा कागद मागा. नसेल तर चांगल्या गनस्मिथकडून चाप तपासून किंवा बदलून घेतल्याशिवाय एकही काडतूस भरू नका.

चेक बनावटीची सीझेड ५२७ आता बंद झाली, तरी जुन्या बाजारात तिच्यावर उड्या पडतात. लहान काडतुसांसाठी खास लहान केलेली तिची ॲक्शन खरंच गोजिरवाणी आहे. चाप पुढे ढकलून ठेवला की नुसत्या स्पर्शाने सुटतो. मालक त्याचं कौतुक करताना थकत नाहीत. रेंजवर ते ठीक. थंडीने बधिर झालेल्या, हातमोजा घातलेल्या बोटाला तो चाप देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तिची सेफ्टी बहुतेक रायफलींच्या उलट्या दिशेने चालते: पुढे ढकलली की सेफ्टी लागते, मागे ओढली की निघते. घरात दुसरी रायफल असेल तर ही अदलाबदल जीवघेणी ठरू शकते. बरेच मालक म्हणतात, हाताला लवकर सवय होते. सवय त्यांच्या हाताला झालेली असते, तुमच्या मुलाच्या नाही. मॅगझिन खाली बाहेर येतं आणि नेमकं जिथे हातात तोलून धरायची तिथेच बोचतं, ही तक्रार मात्र किरकोळ समजा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. वेदरबीने २०१६ मध्ये कॅमिला ही रायफल बायकांच्या बांध्याचा विचार करून आणली. नुसता दस्ता कापण्यापेक्षा हे बरं. मॉसबर्ग पेट्रियटच्या मुलांसाठीच्या आवृत्तीत दस्त्याला जोडायचा तुकडा मिळतो, मूल वाढलं की लांबी वाढवता येते. टिक्का टी-थ्री-एक्सची कॉम्पॅक्ट महाग, पण तिच्या बोल्टची चाल एकदा हाताला लागली की स्वस्तातली रायफल खरखरीत वाटते. खिशाला परवडत असेल तर मी तिच्याकडेच वळेन.

आखूड नळीने गोळीचा वेग किती कमी होतो, यावर मालक तासन्‌तास भांडतात. काडतुसाच्या खोक्यावरचा आकडा बहुधा २४ इंचांच्या नळीतून मोजलेला असतो. .३०८ मध्ये प्रत्येक इंचामागे सेकंदाला वीस-पंचवीस फूट जातात असं धरा. १८ इंचांच्या नळीत सव्वाशे-दीडशे फूट गेले. दीडशे यार्डांवरच्या हरणाच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही. अर्थ आहे तो आवाजाला. १४० डेसिबलच्या वरचा एकच स्फोट कानाला कायमची इजा करू शकतो आणि शिकारीची कुठलीही मोठी रायफल त्याच्या बरीच वर जाते. नळी आखूड म्हणजे तो स्फोट कानाच्या आणखी जवळ. बाहेरचे साधे आवाज ऐकू येऊ देणारी पण स्फोट अडवणारी इलेक्ट्रॉनिक कर्णटोपी रायफलीच्या खर्चातच धरा, रानातही घाला. आणि नळी आणखी कापून घ्यायचा उपद्व्याप कोणी सुचवला तर त्याच्यापासून लांब राहा: १६ इंचांखालची नळी झाली की रायफल १९३४ च्या वेगळ्याच केंद्रीय कायद्याखाली जाते आणि नोंदणीशिवाय ती बाळगणं गंभीर गुन्हा ठरतो.

काडतूस निवडताना मालकांच्या मतांआधी तुमच्या राज्याच्या शिकारखात्याची नियमपुस्तिका उघडा. आपली एवढी मोठी वस्ती न्यू जर्सीत आहे, पण तिथे हरणाला अशी रायफल चालत नाही. शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्य. ओहायोत रायफल चालते, पण मान आवळलेली काडतुसं नाहीत, सरळ कवचाचीच. म्हणजे .३०८, .२४३ दोन्ही बाद. याच नियमांमुळे .४५० बुशमास्टरला भाव आला आणि २०१९ मध्ये विंचेस्टरने .३५० लेजंड काढलं. यातलं पहिलं हलक्या रायफलीत घेऊन खांद्याची परीक्षा बघू नका; .३५० लेजंड नवख्याला कितीतरी सोसतं. पेनसिल्व्हेनिया, टेक्सससारख्या राज्यांत मान असलेली काडतुसं चालतात. तिथे आखूड रायफलीत माझी पहिली पसंती सात एमएम-०८, म्हणजे १९८० सालचं जुनं, शहाणं काडतूस. लहान चणीच्या माणसाला .२४३, पण नेम जागच्या जागी बसेपर्यंत अंतर शंभर यार्डांत ठेवायचं. .३०८ शेवटी. तिची काडतुसं सगळीकडे मिळतात हे मालकांचं म्हणणं खरं आहे. मग निदान होर्नाडी कस्टम लाइटसारखी कमी धक्क्याची काडतुसं तरी सुरुवातीला वापरा.

मुलाला किंवा कोणाही नवशिक्याला थेट या रायफलीवर बसवूच नका. रुगरने अमेरिकन याच मालिकेत .२२ ची रिमफायर कॉम्पॅक्टही काढली आहे: सेफ्टी जवळजवळ तशीच, चाप तसाच, पण काडतूस काही सेंटांचं आणि धक्का नाहीच. शंभर-दोनशे गोळ्या तिच्यावर झाडून घ्या, मग मोठीला हात लावा. हाच सल्ला चाळिशीतल्या सॉफ्टवेअरवाल्यालाही आहे.

आता व्हिसाचं, कारण मालकांना हे विचारून उपयोग नाही. त्यातले बहुतेक इथेच जन्मलेले. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच मनाई आहे. त्याला ठराविक अपवाद आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा म्हणजे राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. परवाना संपला की अपवादही संपला, रायफल कपाटात तशीच. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही, पण राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत रायफल घेण्याआधी वेगळं ओळखपत्र काढावं लागतं. कोणतीही शंका असली तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या मित्राला नाही. आणि मित्राने कितीही गळ घातली तरी त्याच्या पैशाने, त्याच्यासाठी, स्वतःच्या नावावर रायफल उचलू नका. दुकानातल्या फॉर्म ४४७३ वर खरा खरेदीदार मीच आहे असं तुम्ही सही करून सांगता. तिथलं खोटं हा केंद्रीय गुन्हा आहे, आणि त्यात नोकरी, ग्रीन कार्ड, सगळंच पणाला लागतं.

घरी आणल्यावर बोल्ट-ॲक्शनची एक सोय जरूर वापरा. बोल्ट बाहेर काढता येतो. तो एका कुलपात, रायफल दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या. घरात मूल असो वा नसो. दिवाळीच्या फराळाला तुमच्याकडे कोणाकोणाची मुलं येतात ते आठवा.

आणि रेंजवर नेता ती बॅग कधीही भारताच्या प्रवासाला घेऊ नका. अस्तरात, बाजूच्या कप्प्यात अडकलेलं एकच जिवंत काडतूस मुंबई-दिल्लीच्या तपासणीत सापडतं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं म्हणून न्यायालयांनी असे गुन्हे रद्दही केले आहेत, पण तोवर परतीचं विमान निघून गेलेलं असतं, सुट्टी वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यात जाते. पुतण्याला गंमत म्हणून रिकामी पितळी कवचंही नेऊ नका. ती बॅग रायफलीच्या कपाटातच ठेवा आणि प्रवासासाठी दुसरी विकत घ्या.